देवीचं वय

धातूला वय नसतं, हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोलले आहे की आता ते बोलताना मला माझाच कंटाळा येतो. लोक येतात, फडक्यातून काहीतरी सोडून टेबलावर ठेवतात आणि विचारतात, "मॅडम, किती जुनं असेल?" मग मी सांगते, तांबं पृथ्वीच्या पोटात तयार झालं तेव्हा तुम्ही नव्हता आणि तुमचे पूर्वजही नव्हते. तुम्हाला हवंय ते वस्तू घडवल्याचं वय, आणि ते धातू स्वतःहून सांगत नाही. त्याच्यासोबत अडकून राहिलेलं काहीतरी सांगतं. पोकळ मूर्तीच्या पोटात ओतकामाची माती राहिली असेल तर ती सांगते. माती तापली की तिच्यातली जुनी साठवण पुसली जाते आणि ती पुन्हा पहिल्यापासून आसपासची किरणं साठवायला लागते; ती किती साठली यावरून काळ काढायचा. जुन्या लोखंडात लाकडी कोळशाचा कार्बन उतरलेला असतो, तो सांगतो. हे सगळं ऐकून घेतल्यावर लोक पुन्हा विचारतात, "पण अंदाजे किती?"

एक गृहस्थ कोरमंगलाहून तलवार घेऊन आले होते. तीनशे वर्षांची म्हणून कुणीतरी त्यांच्या गळ्यात मारलेली. तिच्यातल्या कार्बनचं वय निघालं, ते माणसाला लोखंड ठाऊक होण्याच्याही फार आधीचं. याचा अर्थ एवढाच की पोलाद दगडी कोळशावर चालणाऱ्या कारखान्यातलं होतं. दगडी कोळशातला मोजायचा कार्बन कधीच संपलेला असतो, म्हणून कालचं पोलाद आदिमानवाच्या आधीचं दिसतं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. ते मी मनात म्हटलं. तोंडानं, "अहवाल पोस्टानं येईल," एवढंच म्हटलं.

बेंगळुरूतल्या एका संस्थेत मी हे काम करते. माझे केस याच कामात पांढरे झाले. लग्न केलं नाही, का केलं नाही याची कारणं आता मलाही नीट आठवत नाहीत. अप्पा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून बनशंकरीतल्या घरात आई आणि मी अशा दोघीच राहत होतो. आम्ही मराठी, पण महाराष्ट्राचे नव्हे. कुणी पूर्वज सतराव्या शतकात फौजेबरोबर दक्षिणेत उतरला आणि परत गेलाच नाही, असं आमच्या घरात सांगतात. आमची मराठी ऐकून पुण्याहून आलेल्या मुली माझ्यासमोर हसू दाबतात, मला दिसतं ते.

त्या पूर्वजानं घोड्यावरून आणलेली म्हणून एक देवी आमच्या देवघरात होती. वीतभर उंचीची, अष्टभुजा, पिवळट धातूची. नवरात्रात घरी कुणी आलं की आई तिची गोष्ट सांगायची आणि दर वेळी देवीचं वय वाढायचं. मी शाळेत असताना देवी अडीचशे वर्षांची होती. मी नोकरीला लागले तेव्हा तीनशेची झाली. अलीकडे चारशेला टेकली होती. मी एकदा म्हटलं, "आई, तुझं वय वाढतं तसंच तिचंही वाढतंय, पण जरा जास्तच वेगानं." आई म्हणाली, "तुझ्या मिशीनला काय कळतंय? गप बस."

अण्णा, माझा मोठा भाऊ, बरीच वर्षं कॅनडात आहे. मागच्या वर्षी आई बाथरूममध्ये घसरली. हाड मोडलं नाही, पण ती बराच वेळ तशीच ओल्या फरशीवर पडून होती आणि मी लॅबमध्ये होते. शेजारच्या अक्कांनी तिची हाक ऐकली म्हणून बरं. अण्णा पुढच्याच सुट्टीत आला आणि जेवताना त्यानं सांगून टाकलं की आईला तो घेऊन जाणार. त्यात गैर काहीच नव्हतं. तिकडे सून होती, नातू होता, घरात सगळीकडे ऊब होती. इथे मी सकाळी जाणार आणि आउटर रिंग रोडच्या ट्रॅफिकमधून रात्र पडता पडता घरी येणार.

आई म्हणाली, "मी देवीशिवाय यायची नाही."

"मग घे की देवी. कोण नको म्हणतंय?" अण्णा म्हणाला.

तेव्हा मला बोलावं लागलं. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती देशाबाहेर नेता येत नाही, कायदा आहे. नेणाऱ्यानं ती तेवढी जुनी नाही असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्यायचा असतो. अण्णानं घास तसाच हातात धरला. मग हसत म्हणाला, "आई, आजपासून चारशे वर्षं कुणाला सांगायची नाहीत हं. विचारलं तर सांग, परवाच चिकपेठेच्या बाजारातून आणली."

आई हसली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. "तूच बघ तिचं वय," ती म्हणाली. "तुझं कामच ते. तू सांगशील ते मला सरी, मान्य."

आता हे स्पष्टच लिहायला हवं, की मला आई जायला नको होती. सकाळी ती माझ्या आधी उठून फिल्टर कॉफीचं डिकॉक्शन घालायची. संध्याकाळी कन्नड मालिका मोठ्या आवाजात लावून ठेवायची आणि त्यातल्या सुनांवर चिडायची. मी घरी आले की आधी पाच मिनिटं माझ्या उशिरा येण्याबद्दल बोलायची आणि मग वाढायची. मला त्या आवाजाची नुसती सवय नव्हती, गरज होती. पण हे मी तिला म्हटलं नाही. आमच्या घरात कुणी कुणाकडे काही मागत नसे. अप्पा ताप अंगात असताना पाणीसुद्धा मागायचे नाहीत. आपण ओळखून द्यायचं. शिवाय मला वाटलं, म्हातारपणी नातवाचं तोंड बघायचं सोडून तिनं माझ्यासाठी का राहावं? मी काय लहान आहे?

म्हणून मी देवीवर भिस्त ठेवली. ती जुनी निघाली तर जाणार नाही आणि ती गेली नाही तर आईही जाणार नाही.

खात्याकडून तज्ज्ञ आले, दोघे होते. त्यांनी देवीला फिरवून फिरवून बघितलं आणि त्यांचं मत होईना. घडण जुनी वाटत होती, पण जुन्या नमुन्यावरून नवी मूर्ती कुणीही ओततं. नाक आणि ओठ झिजून गुळगुळीत झाले होते. अशा वेळी तज्ज्ञ गंज बघतात, कारण खरा गंज वर्षानुवर्षं थरांनी चढतो आणि आम्लानं घाईत आणलेला गंज ओळखू येतो. आमच्या देवीवर कसलाच गंज नव्हता. आमच्या घरातल्या बायकांनी दर शुक्रवारी चिंच लावून, राखेनं घासून तिला पिढ्यान्‌पिढ्या असं लख्ख ठेवलं होतं की तिचा सगळा पुरावा मोरीतून वाहून गेला होता. त्यातले थोरले आईला म्हणाले, "फार भक्तीनं सांभाळलीय, अम्मा." आईला ते कौतुक वाटलं. प्रयोगशाळेचा काही अहवाल असला तर विचारात घेऊ, असं सांगून ते गेले.

मूर्ती भरीव होती, म्हणजे पोटात माती नाही. लोखंड नव्हतं, म्हणजे कोळसा नाही. राहिलं शिसं. आपल्याकडच्या जुन्या ओतीव मूर्तींत तांब्या-जस्ताबरोबर थोडं शिसं असतं, त्यानं रस पातळ होतो आणि साच्याच्या बारीक कोपऱ्यांत जातो. खाणीतल्या शिशात एक किरणोत्सारी भाऊबंद मिसळलेला असतो आणि खनिजात असेपर्यंत तो सारखा नव्यानं तयार होत राहतो. भट्टीत शिसं वेगळं काढलं की त्याची ही आवक बंद पडते. मग दर बावीस वर्षांनी तो निम्मा होत जातो आणि शंभर वर्षांच्या आसपास मोजण्यासारखं फारसं उरत नाही. म्हणजे ही तपासणी एकाच प्रश्नाचं उत्तर देते, शंभरच्या आतलं की पलीकडचं. पलीकडचं असेल तर दीडशे की चारशे, ते तिला सांगता येत नाही. कायदाही नेमकं तेवढंच विचारत होता.

आमचे सर, म्हणजे विभागाचे प्रमुख, म्हणाले, "मूर्ती आणा, आपण करू. पण मोजणीला मी बसतो. तुमच्या घरचं आहे." मला ते लागलं, पण बरोबर होतं.

आई स्वतः आली. रेशमी साडी नेसून, रिक्षात देवीला खणात गुंडाळून मांडीवर घेऊन. आमच्या लॅबमध्ये ॲसिडचा वास कायम असतो, तिनं पदर नाकाला लावला आणि लगेच काढला, देवीसमोर नाक धरलं असं व्हायला नको म्हणून. सर धारवाडकडचे, त्यांना थोडं मराठी कळतं. त्यांनी आधी चपला काढल्या, हात धुतले आणि मग बारीक ड्रिल उचललं.

"पायाखालून घ्या," आई म्हणाली. "बैठकीच्या खालून. अंगाला हात लावायचा नाही."

"सरी अम्मा," सर म्हणाले. "स्वल्पच घेतो. चिमूटभर."

"टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात," आई मला हळूच म्हणाली. "हिनं एकदा सोसलेत. परत कशाला गं?" आणि ड्रिलचा आवाज सुरू झाल्यावर तिनं डोळे मिटून घेतले.

तो चुरा ॲसिडमध्ये विरघळवायचा, त्यातून हवा तेवढा अंश चांदीच्या छोट्या चकतीवर बसवायचा आणि चकती यंत्रात ठेवून वाट बघायची. दुसरं काही करायचं नसतं. यंत्रातली हवा काढून घेतलेली असते आणि एकेक कण उडाला की पडद्यावर एकेक ठिपका वाढतो. पहिल्या आठवड्यातच ठिपके भराभर वाढायला लागले. सरांनी मला बोलावून पडदा दाखवला. "हे नवं आहे," ते म्हणाले. "शंभरच्या खूप आतलं."

घरी जाऊन मी आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"म्हणजे ही ती नव्हे?"

"तसं दिसतंय."

"मग ही कुणी आणली? कधी बदलली?"

मला काय माहीत? अण्णाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, गंगेत घोडं न्हालं एकदाचं, आणि तिकिटाचं बघायला लागला. पुढच्या शुक्रवारी आईनं देवीला चिंच लावली नाही. नुसतं पाणी घातलं आणि पुसून ठेवलं. मला वाटलं, तिचा अभिमान दुखावला. सासूनं, तिच्या सासूनं, तिच्याही सासूनं जिची पूजा केली म्हणून आपण जन्मभर केली, ती कुठल्याशा दुकानातून आलेली निघाली, तर बाईला काय वाटेल? मी तिची समजूत घालायला गेले, पदरी पडलं ते पवित्र झालं वगैरे बोलले. ती म्हणाली, "तू जेव."

अहवाल लिहायला घेतला तेव्हा त्या चुऱ्यात कोणते धातू किती, तो तक्ता मी समोर ठेवला. तो आधीच बघायला हवा होता, पण घाईत सगळ्यांचं लक्ष ठिपक्यांकडे होतं. चुऱ्यात तांबं नावापुरतं होतं. जस्त नाहीच. जवळजवळ सगळं शिसं.

आणि मला अप्पा आठवले. अप्पा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात बेअरिंगं ओतायच्या खात्यात होते. देवीची बैठक खालून खोलगट होती आणि एका बाजूला घासली गेली होती, त्यामुळे ती देवघरात डुगडुगायची. फूल वाहिलं तरी हलायची. मी शाळेत असताना एका रविवारी अप्पांनी चमच्यात शिसं वितळवून त्या खोलगट भागात ओतलं, कानशीनं सपाट केलं आणि देवीला ठेवून बोटानं ढकलून बघितलं. ती हलली नाही. "आता बस निवांत," ते म्हणाले होते. आईनं दुसऱ्या दिवशी चिंचेनं घासून तो काळा डाग उजळायचा प्रयत्न केला, पुढे तो कुणाच्या लक्षातही राहिला नाही. अंगाला हात लावू नका म्हणून आईनं बैठक पुढे केली आणि आम्ही अप्पांच्या शिशाचं वय मोजून मोकळे झालो.

मी खुर्चीत बसून राहिले. अप्पांना जाऊन इतकी वर्षं झाली, आणि त्यांच्या हातची ती एवढीशी वस्तू यंत्रात ठिपका ठिपका उडत होती. मला रडू आलं. लॅबमध्ये रडायला जागा नसते, मी बाथरूममध्ये गेले.

नंतर दुसरी गोष्ट सुचली. मी काही बोलले नाही तर आई देवी घेऊन जाईल. बोलले तर पुन्हा तपासणी होईल आणि देवी बहुधा जुनी निघेल. खरं बोलण्यात माझाच फायदा होता. त्यामुळे मला माझ्या खरेपणाचीच शंका यायला लागली. मी हे सचोटीसाठी करतेय की आईला अडवायला? दोन दिवस मी तो तक्ता बॅगेत घेऊन फिरले. शेवटी सरांसमोर ठेवला. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ड्रिल कशात शिरतंय ते मी बघायला हवं होतं," ते म्हणाले. "परत करू."

आईला सांगताना मला वाटलं होतं, ती चिडेल. पुन्हा भोक पाडायचं, तेही देवीच्या अंगाला. ती लगेच म्हणाली, "मग घ्या की. कमरेच्या मागून घ्या, पदराच्या चुणीत. दिसत नाही तिथे." मी बघतच राहिले. बैठकीच्या वर बोट लावू देईना ती बाई! त्या संध्याकाळी तिनं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा पिवळा भात, केला आणि मालिकेतल्या सासूला नेहमीपेक्षा जोरात शिव्या दिल्या. देवी परत खरी ठरेल याचा हा आनंद आहे, असा मी अर्थ लावला.

या वेळी यंत्र गप्प होतं. रिकामी चकती ठेवली तरी अधूनमधून एखादा ठिपका पडतोच, तेवढेच पडत होते. आठवडे गेले. मी रोज संध्याकाळी निघताना एकदा पडद्याकडे बघायचे, सर न बोलता मान हलवायचे. शेवटी त्यांनी अहवालावर सही केली. शंभर वर्षांच्या पलीकडचं शिसं. जुनं शिसं वितळवून नंतर कुणी नवी मूर्ती ओतली असेल तर आमच्या तपासणीला ते ओळखता येत नाही, हेही त्यात लिहिलं, कारण ते लिहावंच लागतं. पण झीज आणि घडण बघून खात्याच्या तज्ज्ञांनी जुनी म्हणूनच मत दिलं आणि तिची सरकारी नोंदणी केली. देवी देशाबाहेर जाणार नव्हती.

"बघ. मी सांगत नव्हते?" आई म्हणाली, आणि तिनं देवीला त्या शुक्रवारी इतकं घासलं की मला भीती वाटली, उरलंसुरलं नाक जातंय की काय.

त्यानंतरचे काही दिवस फार चांगले गेले. अवरेकाईचा, म्हणजे पावट्याच्या शेंगांचा, हंगाम होता. रविवारी आम्ही दोघी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून शेंगा सोलत बसायचो, भिजवलेल्या दाण्यांची सालं काढायचो, बोटं चिकट व्हायची. आई तिच्या लग्नातल्या गोष्टी सांगायची, मी पूर्वी ऐकलेल्याच. कॅनडाचं नाव तिनं काढलं नाही. मीही नाही. मला वाटलं, टळलं.

अण्णाला इतक्या सहज हार मानायची सवय नाही. त्यानं कुठूनसा एक भटजी शोधला, आमच्यासारखाच इथला मराठी, आणि एका रविवारी फोनच्या पडद्यावर त्याला आमच्यासमोर आणून बसवलं. भटजींनी समजावून सांगितलं की देऊळ दुरुस्तीला काढतात तेव्हा मूर्तीतलं देवत्व मंत्रांनी कलशातल्या पाण्यात उतरवून घेतात. तसं इथेही करता येईल. देवीला कलशात बोलवायचं आणि कलशातून नव्या मूर्तीत बसवायचं. देवी तीच राहते. "धातू काय हो," भटजी म्हणाले, "तो वस्त्रासारखा."

"नवी मूर्ती मी ऑर्डर केलीय," अण्णा दुसऱ्या चौकटीतून म्हणाला. "सेम साइझ. बिलासकट. कस्टमला काही प्रॉब्लेम नाही."

 आई पडद्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.  मग म्हणाली, "पुट्टी, तुझं काय म्हणणं?"

पुट्टी म्हणजे लहान मुलगी. पन्नाशी उलटलेल्या बाईला ती अजून तसंच हाक मारायची. मी काय सांगितलं ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हटलं, "कायद्याला फक्त धातूशी मतलब आहे. नवी मूर्ती न्यायला काही अडचण येणार नाही."

"सरी," आई म्हणाली. "मग करून टाका."

विधी घरीच झाला. अण्णा त्यासाठी पुन्हा आला, कारण परत जाताना आईला बरोबर न्यायचं होतं. पाटावर एकीकडे आमची देवी, दुसरीकडे नवी, मध्ये कलश. नवी मूर्ती पिवळीधमक होती आणि तिचं नाक टोकदार होतं. भटजींनी आमच्या देवीवर दर्भ ठेवून मंत्र म्हटले, कलशावर हात ठेवायला आईला सांगितलं. तिनं पदर सावरून हात ठेवला. शेवटी कलशातलं पाणी नव्या मूर्तीवर घातलं, तिच्या डोळ्यांना तूप लावलं, आरती झाली. मग भटजी जुन्या मूर्तीकडे वळले आणि इतका वेळ जिला हात जोडत होते तिला एका हातानं उचलून माझ्याकडे दिली.

"हिचं खरं तर विसर्जन करतात," ते म्हणाले. "पण तुमची ती सरकारी नोंदणी आहे ना? ठेवा कपाटात. आता हिला पूजा नको. आत कुणी नाही."

मला ती मूर्ती हलकी झाल्यासारखी वाटली. तसं काही होत नाही, हे मला माहीत आहे. मी ती तशीच धरून उभी राहिले. आईनं एकदाही तिच्याकडे बघितलं नाही. ती नव्या देवीसमोर नैवेद्याचं ताट मांडत होती.

फेब्रुवारीत ती गेली. विमानतळावर व्हीलचेअरवर बसल्यावर तिनं मांडीवर पर्स घट्ट धरली होती, देवी त्या पर्समध्ये होती. तिनं मला गॅसचा नॉब, दूधवाला आणि गच्चीवरच्या टाकीचा कॉक याबद्दल सूचना दिल्या. मी हो, हो म्हटलं. अण्णानं तिच्या पायांवर शाल घातली. काचेच्या पलीकडे गेल्यावर तिनं मागे वळून बघितलं असेल, पण व्हीलचेअर ढकलणारा माणूस उंच होता, त्याच्या आड मला ती दिसली नाही.

घर आता शांत असतं. मी मालिका लावत नाही. देवघरात मधली जागा रिकामी आहे, बाजूचे बाळकृष्ण आणि शंख तसेच आहेत. त्यांच्यासमोर दिवा लावते, कारण लावला नाही तर संध्याकाळ झाली असं वाटत नाही. मूर्ती कपाटात, स्वेटरांच्या खाली आहे. चिंच लागली नाही तर एक-दोन वर्षांत तिच्यावर गंजाचा पहिला थर धरायला लागेल. एखाद्या संशोधकाला पुढे त्याचा उपयोग होईल. मला तिच्याबद्दल काय वाटतं ते सांगता येत नाही. कधी कधी तिला बाहेर काढून कमरेमागचं भोक बघते आणि ठेवून देते.

आई दर रविवारी फोन करते. तिकडे सकाळ असते. बाहेर पडता येत नाही म्हणते, सगळं पांढरं आहे म्हणते, सून चांगली आहे म्हणते. नातू तिच्याशी इंग्रजीत बोलतो आणि ती कन्नडमध्ये उत्तर देते, का कुणास ठाऊक. मागच्या रविवारी तिचा आवाज खोल गेला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं विचारलं, "तिला हळदकुंकू लावत नाहीस ना?"

"नाही."

"नको लावूस. रिकामी आहे ती."

 तिच्याकडे कसलंसं यंत्र घुमत होतं, भांडी धुण्याचं असावं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, तू परत ये. मला तू इथे हवी आहेस."

यंत्र घुमत राहिलं. 

"हे तेव्हा बोलायचंस, पुट्टी," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. "अण्णाला माझ्या तोंडानं नाही म्हणवत नव्हतं, म्हणून देवी पुढे केली. तू म्हणशील, आईला नेऊ नकोस, म्हणून तुझ्या हातात दिली. तू आपली तिचं वय काढत बसलीस."

मग नातू उठला, त्याला दूध द्यायचं होतं, म्हणून तिनं फोन ठेवला.